मातीची बाई, दगडाची वेदी आणि आपली घाई

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "इस्राएलमधल्या उत्खननांत स्त्रीमूर्ती, वेद्या, उभे दगड एवढ्या संख्येनं निघतात. मग बायबल म्हणतं तसे ते लोक एकाच देवाला मानत होते, हे खोटं का? यहोवाला पत्नी होती हे सिद्ध झालंय असं वाचलं, ते खरं का? आणि मुळात एखादी वस्तू पूजेतली होती हे तुम्ही लोक ठरवता कसं?"

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

खापरांच्या ढिगापाशी बसणाऱ्यांत एक जुनी थट्टा चालते: वस्तू कशासाठी होती ते कळलं नाही, की नोंदवहीत 'विधीची वस्तू' लिहून मोकळं व्हायचं. मीही लिहिलं आहे. एका हंगामात भाजक्या मातीचं एक नळकांडं हाती आलं. बुडाशी रुंद, अंगाला खिडक्यांसारखी दोन भोकं. मी बेधडक 'धूपदान' म्हणून नोंद केली. संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, "आत काजळी कुठे आहे?" नव्हती. "आणि त्याच खोलीत गोल बुडाचे दोन रांजण फुटलेत, ते उभे कशावर राहायचे?" माझं धूपदान म्हणजे घडवंची होती. आजीच्या माजघरातल्या घडवंचीवर लहानपणी रोज हात टेकवून पाणी प्यायलेला मी, पण तीन हजार वर्षांपूर्वीची घडवंची दिसली तेव्हा मला देऊळ आठवलं.

तेव्हापासून वस्तूच्या चेहऱ्याकडे मी शेवटी बघतो. आधी ती कुठे पडली होती ते बघायचं. घराच्या जमिनीवर, म्हणजे छप्पर कोसळलं तेव्हा ती आपल्या जागी होती? की भरावात, म्हणजे दुसरीकडचा केरकचरा ओतून खड्डा बुजवताना आली? भरावातली वस्तू त्या जागेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, ती फक्त गावात कुठेतरी होती एवढंच कळतं. मग शेजारी काय होतं, अंगावर काजळी, चरबी, झीज आहे का, घाव मुद्दाम घातलेला आहे का, आणि अशा आणखी किती निघाल्या. एवढं सगळं विचारून झाल्यावर ग्रंथ उघडायचा. 'पूजेची वस्तू' हा निष्कर्ष आहे, आणि तो वर्णनाच्या रकान्यात लिहिला की पुढचं सगळं चुकतं.

ठेवण्याच्या पद्धतीवरून हेतू कसा कळतो, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं आहे. ताम्रपाषाणयुगातल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची पेटी निघाली. पेटीसोबत मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती, आणि मातीचा बैल. कोणीतरी ते सगळं जाणूनबुजून, बंद करून, पायाखाली ठेवलं होतं. देवी कोणती यावर वाद घाला, पण विधी होता याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

जेरुसलेमभोवतीच्या यहूदाच्या राज्यातल्या प्रसिद्ध स्त्रीमूर्तींचं तसं नाही. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातल्या या मूर्ती वीतभरही उंच नसतात. कमरेखाली पाय नाहीत, भरीव दांडा खाली पसरट होत जातो, म्हणून त्यांना स्तंभमूर्ती म्हणू. हात छातीला आधार दिल्यासारखे. डोकं दोन तऱ्हांचं: एक चिमटीत माती दाबून काढलेलं, पक्ष्याच्या चोचीसारखं, दुसरं साच्यातलं, कपाळावर कुरळ्या केसांच्या ओळी असलेलं. वर पांढऱ्याचा हात, त्यावर लाल-पिवळा रंग. पुरातत्त्वज्ञ राझ क्लेटर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत अशा ८५४ मूर्ती होत्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या एकट्या जेरुसलेमच्या.

छाती दिसली की देवी, आणि देवी म्हटली की अशेरा, हे समीकरण पुष्कळ जणांनी मांडलं. अशेराचं सगळ्यांत ठळक रूप सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितच्या मृत्तिकापट्टांत सापडतं. तिथे ती अथिरत आहे, एल या ज्येष्ठ देवाची पत्नी. पण ते शहर इ.स.पू. १२००च्या सुमारास उद्ध्वस्त झालं. आपल्या मूर्ती त्यानंतर चार-पाच शतकांनी, कितीतरी दक्षिणेला, वेगळ्या राज्यात घडल्या. त्यांच्यावर नाव नाही, मुकुट नाही, हातात काही नाही, पायाखाली सिंह नाही. देवी असेलही, पण स्वतःची ओळख पटवणारी एकही खूण तिनं अंगावर ठेवलेली नाही.

दुसरं समीकरण मोडतोडीचं. बहुतेक मूर्ती तुटलेल्या मिळतात आणि बायबलमध्ये राजा योशीयानं इ.स.पू. ६२२च्या सुमारास परक्या पूजा मोडून काढल्याची कथा आहे. मग या त्याच मोहिमेत फोडल्या असणार! क्लेटर यांनी तुटण्याच्या जागा तपासल्या. त्या बहुतांशी मानेशी आहेत, आणि साच्यातलं डोकं धडात खुंटीसारखं बसवत असल्यामुळे मान हीच सगळ्यांत कच्ची जागा. डोळे कोचलेत, तोंड ठेचलंय असे मुद्दाम घातलेले घाव नाहीत. पोरांच्या हातून पडलेली गणपतीची मातीची मूर्तीही मानेशीच तुटते.

आणि मिळतात कुठे? घरांत, गल्ल्यांत, खड्ड्यांत, भरावात, काही थडग्यांत. कॅथलीन केन्यन यांना १९६०च्या दशकात जेरुसलेमच्या पूर्व उतारावर एक गुहा सापडली. आत हजाराहून जास्त भांडी आणि त्यांत बायकांच्या, घोडेस्वारांच्या, जनावरांच्या मातीच्या मूर्ती. गुहा आणि मूर्ती एकत्र आल्यावर 'पूजेची गुहा' हे नाव लगेच चिकटलं. पण भांडी पाहिली तर हंड्या, वाडगे, ताटल्या, दिवे: रोजच्या रांधण्या-वाढण्याचा पसारा. इथे कोणी देवीला नैवेद्य दाखवत होतं, की गावजेवणाची भांडी ठेवत होतं, की शेजारच्या घरांचं सामान इथे आलं, हे गुहेच्या अंधारावरून ठरत नाही. एक गोष्ट मला कायम खटकते. जेरुसलेमच्या संग्रहांत बायकांपेक्षा जनावरांच्या मूर्ती जास्त आहेत, पण घोड्याच्या तुटक्या पायावर कोणी मथळा छापत नाही.

माझं मत विचाराल तर एरिन डार्बी यांनी २०१४ साली मांडलेली बाजू मला पटते: या घरगुती, रक्षणाच्या आणि बरं होण्याच्या विधींतल्या वस्तू असाव्यात. दारावरच्या लिंबू-मिरचीला कोणी देवी म्हणत नाही, पण तिला निव्वळ शोभाही म्हणता येणार नाही. धर्माचा बराचसा भाग या मधल्या पट्ट्यात जगतो, आणि ग्रंथ लिहिणाऱ्यांचं तिकडे लक्ष असतंच असं नाही.

आता पत्नीचा प्रश्न. त्याचं मूळ कुंतिल्लेत अज्रूदमध्ये आहे: सिनाईच्या ईशान्य भागातल्या वाळवंटी वाटेवरची एकाकी टेकडी, वर एक इमारत, काळ इ.स.पू. ८००च्या आसपास. झेएव मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये तिथे खोदकाम केलं. पुरुषभर नसले तरी कमरेच्या वर येतील असे दोन मोठे रांजण निघाले. त्यांवर शाईनं चित्रं आणि मजकूर. एका रांजणावर "शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा" यांच्या नावानं दिलेला आशीर्वाद, दुसऱ्यावर "तेमानचा यहोवा आणि त्याची अशेरा". पहिल्या मजकुराच्या खालीच दोन विचित्र आकृती शेजारी शेजारी उभ्या, कमरेवर हात, डोक्यावर पिसांसारखा मुकुट. बाजूला एक बसलेली व्यक्ती तंतुवाद्य वाजवते आहे. चित्राखाली नाव छापल्यासारखं वाटावं असा योग. मग काय, "देवाचं लग्नाचं चित्र सापडलं" इथपर्यंत गाडी गेली.

चित्रांचा अभ्यास पिर्हिया बेक यांनी केला आणि १९८२ साली छापला. या दोन आकृती म्हणजे इजिप्तचा बुटका रक्षकदेव बेस, हे त्यांनी दाखवलं. तेच रुंद तोंड, तोच मुकुट, तीच उभं राहण्याची ढब. शिवाय मजकुराची ओळ एका आकृतीच्या मुकुटावर चढली आहे. चित्राचं नाव लिहिणारा माणूस चित्रावरून ओळ ओढत नाही. रांजणांवर एकाहून जास्त हात चालले आहेत: गाय-वासरू, झाडाला तोंड लावणारे रानबोकड, हात वर केलेली माणसांची रांग. आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर आधी जाहिरात, त्यावर पक्षाचं चिन्ह, त्यावर बाण मारलेलं हृदय असतं. ते सगळं एकच वाक्य समजून वाचलं तर काय निघेल?

तरीही "त्याची अशेरा" हे शब्द उरतातच, त्यांना चित्राचा टेकू नसला तरी. इथे व्याकरण आडवं येतं. बायबलच्या हिब्रूत व्यक्तीच्या विशेषनामाला 'त्याची' हा प्रत्यय लावत नाहीत. 'त्याची पत्नी' चालतं, 'त्याची सारा' असं एकशब्दी रूप होत नाही. म्हणून पुष्कळ भाषाभ्यासक इथे 'अशेरा' म्हणजे वस्तू घेतात: वेदीशेजारी रोवलेला लाकडी खांब किंवा झाड. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वराच्या वेदीजवळ अशेरा म्हणून कोणतंही झाड लावू नका, अशी ताकीद आहे, आणि ताकीद दिली जाते ती लोक तसं करत असतात म्हणून. दुसरीकडे राजांच्या पुस्तकांत अशेराचे संदेष्टे आहेत, तिच्यासाठी केलेली भांडी आहेत. तिथे ती सरळ देवी आहे. हेब्रोनच्या पश्चिमेला खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातल्या लेखातही उरियाहू नावाच्या माणसासाठी यहोवा आणि त्याची अशेरा ही जोडी येते. म्हणजे वाळवंटातल्या एखाद्या लहरी लेखनिकाची ही करामत नव्हे, शब्दप्रयोग रुळलेला होता.

माझं वाचन असं: इ.स.पू. आठव्या शतकातल्या सामान्य माणसाच्या तोंडी अशेरा ही यहोवाच्या स्थानातली एक पवित्र, आशीर्वाद देऊ शकणारी गोष्ट होती. तिच्यामागे कधीकाळी देवी उभी होती आणि काहींच्या मनात ती अजूनही असेल. पण "पत्नी सिद्ध झाली" हे वाक्य मी लिहिणार नाही. लाकूड त्या हवेत टिकत नाही, त्यामुळे निर्विवाद अशेरा आजवर कोणाच्याही कुदळीखाली आलेली नाही. आणि मुद्रांवर, खापरांवर जी माणसांची नावं मिळतात, त्यांत देवाचं नाव गुंफलेलं असेल तर ते बहुतेक वेळा यहोवाचंच असतं: उरियाहू, ओबद्याहू अशी. पोराला नाव ठेवताना लोक कोणाला स्मरतात, हा पुरावा मला मूर्तींइतकाच बोलका वाटतो.

अज्रूदबद्दल एक शेवटची गोष्ट. तिथे वेदी नाही, बळीची हाडं नाहीत. प्रवेशाशी गिलावा केलेली बाकं, कोठारं, सुमारे २०० किलो वजनाचं दानलेख कोरलेलं दगडी पात्र आणि भिंतींवरचे लेख आहेत. देऊळ म्हणावं तर देवळाचं सामान नाही, धर्मशाळा म्हणावं तर एवढे आशीर्वाद कशाला. पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामाच्या जागा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा पेच फार मोठा वाटणार नाही. मेशेल यांचा कल मात्र धार्मिक केंद्राकडेच राहिला.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण आमच्या धंद्यात अक्षरशः खरी आहे: भांडं मिळतं, आतलं काही उरत नाही. तेल अरादला (नावातलं 'तेल' म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड) मात्र तूप उरलं. बेरशेबाच्या पूर्वेला, नेगेव वाळवंटाच्या कडेला यहूदाचा एक किल्ला होता. योहानान अहारोनी यांनी १९६०च्या दशकात तिथे चक्क किल्ल्याच्या आत देऊळ उघडं केलं: अंगण, वेदी, आणि टोकाला छोटं गाभाऱ्यासारखं दालन. दालनाच्या पायरीशी चुनखडीच्या दोन छोट्या वेद्या, एक ५२ सेंटिमीटर, दुसरी ४०, आडव्या निजवून वरून पुरलेल्या. माथ्यावर काळा, घट्ट झालेला थर. साठीच्या दशकातल्या तपासणीत काही निष्पन्न झालं नव्हतं. २०२० साली एरान आरिए, बारुख रोझेन आणि द्वोरी नामदार यांनी नव्या पद्धतीचं विश्लेषण छापलं. मोठ्या वेदीवर ऊद आणि जनावराची चरबी निघाली, तर छोटीवर भांग-गांजाच्या झाडातली द्रव्यं आणि जनावरांचं शेण. चरबीमुळे उदाचा वास नीट सुटतो; शेण मंद जळतं आणि गांजाला भडका नको, ऊब हवी असते. शेणीवर धूप घालणाऱ्या घरात वाढलेल्यांना यातली अक्कल लगेच कळेल. ऊद दक्षिण अरबस्तानातून यायचा, म्हणजे एका सरहद्दीवरच्या किल्ल्यातल्या पूजेमागे लांबचा व्यापारही होता. यातला गांजा आणि शेण कोणत्या ग्रंथात वाचून कळलं नसतं. बायबलमध्ये धुपाची कृती आहे, तीत ऊद आहे, पण या दोन गोष्टी नाहीत.

त्याच अरादमध्ये उलटा धडाही आहे. दालनात उभे दगड किती होते? अहारोनींच्या काळापासून एकाहून जास्त दगडांची चर्चा झाली, आणि 'मोठा दगड यहोवा, छोटा अशेरा' असं सांगणारेही निघाले. झेएव हर्झोग यांनी पुढे थर आणि नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांच्या मते पूजेचा उभा दगड एकच. बाकीचे भिंतीच्या बांधकामातले. संग्रहालयातल्या मांडणीवरून देवांची संख्या मोजू नये.

ग्रंथातलं वाक्य वस्तूखाली नाव म्हणून चिकटवण्याचा मोह किती मोठा असतो हे यहूदातल्या लाखीश शहराच्या वेशीत दिसतं. २०१६ साली तिथल्या वेशीतल्या एका दालनात शिंगं तोडलेल्या छोट्या वेद्या आणि भोक पाडलेला दगडी बसण्याचा ठोकळा मिळाल्याचं जाहीर झालं. शौचकूप! येहू राजानं बाल नावाच्या परक्या देवाचं देऊळ पाडून त्याचा शौचकूप केला असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे, तेव्हा हिज्कीया राजानं देऊळ असंच बाटवलं, असा अर्थ लावला गेला. तपासणीत तो ठोकळा वापरल्याची चिन्हं मिळाली नाहीत, आणि त्यामुळे 'प्रतीकात्मक बाटवणूक' हा अर्थ आणखी घट्ट धरला गेला. मला इथे अस्वस्थ वाटतं. वापर झाला असता तरी पुरावा, नाही झाला तरी पुरावा, असा तर्क कुठल्याही वस्तूवर चालतो. बेरशेबाच्या मोठ्या वेदीचं त्यापेक्षा बरं आहे: तिचे घडीव दगड, शिंगांसकट, इ.स.पू. आठव्या शतकातल्या कोठाराच्या भिंतीत बांधलेले निघाले. वेदी मोडली आणि दगड वापरले, हे डोळ्यांना दिसतं. कोणी आणि का, ते पुढचं. एका दगडावर सापही कोरलेला आहे, आणि वेदीसाठी घडीव दगड वापरू नका असं बायबलमधलं 'निर्गम' हे पुस्तक सांगतं. बांधणाऱ्यांना तो नियम ठाऊक नव्हता, मान्य नव्हता, की लिहिलाच नंतर गेला, यावर बोलू तेवढं थोडं.

ज्या वस्तूला सापडण्याची जागाच नाही तिच्याबद्दल दोन ओळी पुरेत. पाणघोड्याच्या दाताचा, डाळिंबाच्या आकाराचा छोटा दागिना, त्यावर "यहोवाच्या मंदिराचा" असा अर्थ लागणारी अक्षरं. इस्राएल संग्रहालयानं १९८८ साली साडेपाच लाख डॉलरना तो घेतला, शलमोन राजाच्या जेरुसलेममधल्या मंदिराचा एकमेव अवशेष म्हणून मिरवला, आणि २००४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं अक्षरं आधुनिक ठरवली. डाळिंब मात्र खरंच जुनं आहे, शलमोनाच्याही आधीचं. बाजारातून आलेल्या वस्तूवर मी व्याख्यानातही उदाहरण बांधत नाही.

आता पहिला प्रश्न: ते लोक एकाच देवाला मानत होते, हे खोटं का? बायबल तसं म्हणतच नाही. शेकडो पानं संदेष्टे ओरडत आहेत की हे लोक टेकड्यांवर, हिरव्या झाडांखाली भलत्याच पूजा करतात. उत्खनन आणि ग्रंथ इथे एकमेकांना धरूनच आहेत. भांडण आहे ते त्या पूजा 'भलत्या' होत्या का यावर. शोमरोनच्या डोंगराळ भागात एका सैनिकाच्या हाती लागलेला १८ सेंटिमीटरचा काशाचा बैल घ्या. अमिहाई मझार यांनी तो प्रसिद्ध केला, काळ इ.स.पू. बारावं शतक. तो बाल आहे, एल आहे, यहोवा आहे, की अदृश्य देवाचं नुसतं वाहन? बैल बघून सांगता येत नाही, आणि ज्यानं तो पुजला त्याला हा प्रश्न पडला असेल असंही मला वाटत नाही. नंतरच्या काळातही नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर यहुदी शिपायांचं याहो देवाचं देऊळ होतं. इ.स.पू. ४१० मध्ये ते पाडलं गेलं, तेव्हा त्यांनी मदतीसाठी थेट जेरुसलेमकडे पत्रं लिहिली. देऊळ फक्त जेरुसलेमलाच असावं, या नियमाचा त्या पत्रांत लवलेश नाही.

कधी कधी मी उलटा खेळ खेळतो. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, एखादं घर, दिमोना किंवा रामलेतलं, तीन हजार वर्षांनी कोणी खणलं तर? नवस फेडताना, मंगल कार्याआधी, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावानं त्यांच्याकडे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि भोवती मराठीत बोलणारी माणसं. त्या पूजेतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ताट. खणणाऱ्याला ते स्वयंपाकघरात, इतर ताटांसोबत मिळेल, आणि तो ते मुकाट 'भांडी' या रकान्यात टाकेल. कपाटातल्या प्लास्टिकच्या बाहुलीवर मात्र शोधनिबंध लिहील.

जेरुसलेमला गेलात तर इस्राएल संग्रहालयात अरादचं ते दालन उभं केलेलं आहे. सगळे उभ्या दगडाचा फोटो काढतात. तुम्ही पायरीशी थांबा आणि दोन्ही वेद्यांच्या माथ्यावरचे काळे गोल डाग बघा.